गुप्तदानाची नोंद

देवस्थानाच्या जमाखर्चात ‘गुप्तदान’ असे एक सदर असते. दात्याचे नाव तेथे नसते. तिथी आणि रक्कम मात्र चोख असते. नाव झाकूनही हिशेब पुरा होतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी केव्हाच ओळखले होते. इंदुरात वकिली करताना आम्हांस वारंवार वाटते की, विषबाधेच्या बाबतीतही हीच रीत पडावयास हवी होती.

एकाच विषाचा इतिहास पाहू. डायएथिलीन ग्लायकॉल हा रंगहीन, गोडसर द्रव कारखान्यांत उपयोगी पडतो. पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करतो. १९३७ साली अमेरिकेत एका पातळ औषधात तो वापरला गेला आणि शंभरावर माणसे दगावली. १९३८ साली तेथे औषधांचा नवा कायदा झाला. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांस दिलेल्या ग्लिसरिनात हेच विष निघाले. १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तेथील रुग्ण निदान एका छताखाली होते. एका खाटेचे दुखणे दुसऱ्या खाटेशी ताडून पाहता येत होते.

२०२५ साली आमच्याच प्रांतात, छिंदवाडा जिल्ह्यातील परासियाच्या बाजूस, ती सोयही नव्हती. ताप-खोकल्याची मुले निरनिराळ्या घरांतली. लघवी बंद होऊन अत्यवस्थ झाल्यावर त्यांतील अनेकांस नागपूरला नेले गेले, कारण त्या भागास इंदूरपेक्षा नागपूर जवळ. औषध एका राज्यात बनले, घेतले दुसऱ्यात, मृत्यूची नोंद तिसऱ्यात! आरंभी पाणी व डास यांचेही नमुने तपासले गेले. अखेर तमिळनाडूच्या तपासणीत खोकल्याच्या त्या औषधात ४८.६ टक्के विष आढळले, मर्यादा ०.१ टक्क्याची. एकूण वीसहून अधिक बालके गेली.

वय, तालुका, लक्षणे, औषध, त्याचा बॅच क्रमांक आणि तारीख एवढेच प्रत्येक दवाखान्याने एका सामाईक वहीत तत्काळ नोंदविले असते, तर तिसऱ्या-चौथ्या नोंदीसच कोणी थबकला असता. तिला मुलाचे नाव लागत नाही, बापाचेही नाही.

यावर खासगीपणाचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. केवळ नाव गाळल्याने तो हक्क राखला जातो असेही नव्हे. दहा उंबऱ्यांच्या वाडीत वय आणि तारीख सांगितली की माणूस ओळखू येतो. म्हणून नोंद वाडीची न ठेवता तालुक्याची ठेवावी, आणि ती पोलिसांच्या खटल्यास नव्हे, प्रतिबंधास वाहिलेली असावी. अब्रूच्या भयाने घरे गप्प बसतात. ते भय गेले तरच नोंद खरी होते.

आपल्या कित्येक देवस्थानांचे धर्मार्थ दवाखाने आहेत. गुप्तदानाची वही ज्यांस ठेवता येते, त्यांस ही दुसरी वही अवघड नाही. परासियाच्या मुलांची नावे त्यांच्या घरच्यांपाशीच राहोत. त्यांच्या दुखण्याचा हिशेब मात्र आपल्या वहीत असावयास हवा होता.