आकडा कुठून आला?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. यांपैकी कुठल्याही स्टेशनाजवळच्या एखाद्या सीएच्या, ट्रान्सपोर्टवाल्याच्या किंवा हाउसिंग सोसायटीच्या ऑफिसातली जुनी एक्सेल फाइल उघडून बघा. एखाद्या सेलवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत '=+' अशी सुरुवात असलेला फॉर्म्युला दिसण्याची बरीच शक्यता आहे. एक्सेलला नुसतं बरोबरचं चिन्ह पुरतं. मग त्यापुढे अधिकचं चिन्ह कशाला?

ही लोटस १-२-३ ची खूण. १९८३ साली अमेरिकेत आलेल्या या प्रोग्रामात सेलमध्ये पहिलं अक्षर टाइप केलं की तो त्याला मजकूर समजायचा. त्यामुळे 'बी२' मधल्या आकड्यावर काही करायचं असेल, तर आधी अधिकचं चिन्ह द्यावं लागे. एक्सेल आलं तेव्हा लोटसची माणसं आपल्याकडे वळावीत म्हणून त्यानं ही सवय चालवून घेतली. आजही तुम्ही '+' पासून सुरुवात केलीत तर एक्सेल त्याच्या आधी गुपचूप '=' लावतं. कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांमध्ये '+' हाताशी असतं, म्हणून लोटस कधीही न पाहिलेल्या पोरांनीही सिनियरचं बघून ही सवय उचलली. लोटसची आणखी एक चूकही एक्सेलनं जाणूनबुजून जपली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेलच्या दिनदर्शिकेत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे.

अशा खुणा गमतीच्या वाटतात, पण त्यांच्यामागे आपल्या ऑफिसांचा इतिहास आहे. या इतिहासाकडे बघताना मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. समोरचा आकडा कुठून आला हे कुणाला दिसत होतं आणि कुणाला नाही?

जुन्या वहीखात्यात ते दिसायची सोय होती. कीर्दीत दिवसाचे व्यवहार ओळीनं लिहायचे, मग खतावणीत ते ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचे. कीर्दीतल्या नोंदीसमोर खातेपान लिहिलेलं असे, म्हणजे ही रक्कम खतावणीत कुठे गेली ते पानासकट कळे. हिशेब पुरा झाला की ताळा बघायचा. 'ताळेबंद' या शब्दातला ताळा तोच. आकडा लिहिणं हे अर्धं काम, तो मागे जाऊन तपासता येणं हे उरलेलं अर्धं, अशी ही पद्धत होती. अर्थात वही दिवाणजीच्या ताब्यात असे आणि ती वाचता येणारे थोडे. पण वाट कागदावर होती.

टाइपरायटर आला आणि ही वाट पुसली गेली. महाराष्ट्रात टायपिंगची सरकारी परीक्षा हा कित्येक घरांच्या नोकरीचा दरवाजा होता. स्टेशनाबाहेर पहिल्या मजल्यावर इन्स्टिट्यूट, मिनिटाला ३० शब्द, मग ४० शब्द. या परीक्षेत पत्रासोबत 'स्टेटमेंट' असे, म्हणजे रकान्यांचा तक्ता. टॅब मोजून लावायचे, आकडे एकाखाली एक बसले पाहिजेत, शीर्षक मधोमध आलं पाहिजे. मार्क मांडणीला आणि बिनचूक टाइपिंगला. टाइप करणाऱ्या मुलीनं बेरीज करायची नव्हती. ती दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या टेबलावर केलेली असे. स्टेटमेंटवर फक्त उत्तर उतरायचं, पाच कार्बन प्रतींसकट.

दरम्यान मुंबईत संगणक येऊन पोचला होता, पण तो कारकुनाच्या टेबलावर नव्हता. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळानं मुंबईत संगणक आणला. कलकत्त्यात तोच प्रयत्न कर्मचाऱ्यांनी रोखून धरला. नोकऱ्या जातील ही भीती इतकी खरी होती की स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्र सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. १९७३ साली अंधेरीत सीप्झ उभं राहिलं, तेही निर्यातीसाठी. पुढे तिथे सॉफ्टवेअर लिहिलं जाऊ लागलं ते परदेशी गिऱ्हाइकांचं. सीप्झच्या कुंपणाबाहेर मरोळच्या कारखान्यात पगारपत्रक हातानंच होत होतं. बँकांमध्ये यंत्रं आणण्याबाबत कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापन यांचा करार झाला तो १९८३ साली, आणि रंगराजन समितीचा संगणकीकरणाचा अहवाल आला १९८४ साली.

त्या वादात संगणक म्हणजे माणसाचं काम काढून घेणारी बंद खोलीतली वस्तू, असं दोन्ही बाजूंनी धरलेलं होतं. ते चूकही नव्हतं. मोठ्या संगणकात काय हिशेब चालतो हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठाऊक. बाकीच्यांना छापून आलेली रुंद कागदाची चळत मिळे.

याच काळात तिकडे बोस्टनजवळ एक वेगळी गोष्ट घडली. १९७८ साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यानं फळ्यावरचं एक कोष्टक पाहिलं. त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून नव्यानं लिहावे लागत. हे यंत्राला का करता येऊ नये, या प्रश्नातून त्यानं आणि बॉब फ्रँकस्टन यानं १९७९ साली ॲपल-२ साठी 'व्हिझिकॅल्क' आणलं. त्यात ६३ कॉलम आणि २५४ रो होत्या. नवी गोष्ट बेरीज ही नव्हती. बेरीज कॅल्क्युलेटरही करत होता. नवीन हे होतं की प्रत्येक सेलला दोन थर होते. वर उत्तर, आत ते उत्तर कसं काढलं त्याची कृती. एक आकडा बदलला की त्यावर टेकलेले सगळे आकडे आपोआप बदलत. आणि हे ज्याला हिशेब कळतो त्याला प्रोग्रामरकडे न जाता करता येत होतं.

मग लोटस, मग १९८५ साली मॅकवर आणि १९८७ साली विंडोजवर एक्सेल. दोन थरांची ही कल्पना सगळ्यांत तशीच राहिली.

आपल्या उपनगरांत ती पोचली, पण अर्धीच. याचं कारण ती कुणाच्या हातून आली त्यात आहे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा शब्द घराघरांत गेला. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागलं. ते नसेल तर वेतनवाढ अडेल, या धाकानं पन्नाशीतले शिक्षक आणि कारकून विशीतल्या पोरांशेजारी माउस धरायला बसले. लाखो माणसांनी एक्सेल पहिल्यांदा पाहिलं ते या वर्गांत, आणि ही काही लहान गोष्ट नाही. टायपिंगच्या इन्स्टिट्यूटही बदलल्या. संगणक टायपिंगच्या सरकारी परीक्षेत पत्र वर्डमध्ये आणि स्टेटमेंट एक्सेलमध्ये करायचं. नाव तेच, स्टेटमेंट. टॅबच्या जागी सेल आले.

म्हणून आजही आपल्याकडे एक्सेल हा अनेकांसाठी आखलेला कागद आहे. बॉर्डर देतात, सेल मर्ज करतात, हेडिंग पिवळं करतात, आणि बेरीज शेजारच्या कॅल्क्युलेटरवर करून खाली टाइप करतात. यावर हसणारे पुष्कळ भेटतात. त्यात माझ्या व्यवसायातले जास्त. पण त्या माणसानं जे शिकवलं गेलं ते चोख केलं आहे. त्याला वरचा थर शिकवला, आतला राहून गेला.

आतला थर शिकवला तो शेजारच्या टेबलानं. व्हीलुकअप ही गोष्ट उपनगरातल्या बहुतेक नोकरदारांना कुठल्या वर्गात कळलेली नाही. ती कळली आहे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, घरची लोकल चुकत असताना, एखाद्या मॅडमनी खुर्ची ओढून 'इकडे बघ, एकदाच दाखवते' म्हटल्यावर. या मॅडमचं पद बढतीच्या यादीत सहसा नसतं. मात्र त्या रजेवर गेल्या की पगार थांबतो.

हा आतला थर कळल्यानं नेमकं काय हाती लागतं, हे बघायला सोसायटीचं मेंटेनन्स बिल घेऊ. उपनगरातल्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींत प्रत्येक रकान्याचा नियम दिलेला आहे. सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं, मग घर वन रूम किचन असो की थ्री बीएचके. पाणीपट्टी नळजोडांची संख्या आणि आकार यांवर. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. घर भाड्यानं दिलं असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. थकबाकीवरच्या व्याजाला कमाल दराची मर्यादा, आणि तेही सरळव्याज.

आता हे सगळे दर शीटच्या वर एका जागी लिहा. समजा व्याजाचा दर 'एच१' मध्ये आहे आणि जोशींची मागच्या महिन्यापर्यंतची मूळ थकबाकी 'बी५' मध्ये. महिन्याच्या व्याजाचा फॉर्म्युला होईल =बी५*$एच$१/१२. दर वर्षाला २१ टक्के आणि थकबाकी १२,००० असेल तर व्याज २१० रुपये. डॉलरची खूण म्हणजे खिळा. फॉर्म्युला खाली ओढला की 'बी५' चं 'बी६', 'बी७' होत जातं, दर मात्र 'एच१' लाच धरून राहतो. साऱ्या मजल्यांना एकच दर. कुणासाठी तो वेगळा लावला असेल, तर त्या ओळीत डॉलरऐवजी हातानं टाइप केलेला आकडा सापडेल. थकबाकीत मागचं व्याज मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावलं असेल, तर तेही 'बी५' च्या आत शिरल्यावर दिसेल. पिव्हट टेबल लावलं की कुठल्या विंगची थकबाकी किती ते दोन मिनिटांत समोर येतं.

म्हणजे फॉर्म्युला हा नियमाचा अनुवाद आहे, आणि तो ज्याला वाचता येतो त्याला कमिटीच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. खातेपानाची जुनी सोय इथे परत आली आहे, आणि या वेळी वही दिवाणजीपुरती राहिलेली नाही.

शीटमध्ये चुका होतात, आणि भयंकर होतात. हार्वर्डच्या कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली मांडलं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ खुंटते. खर्चकपातीच्या बाजूनं बोलणारे नेते या निष्कर्षाचा दाखला देऊ लागले. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्नडन यानं त्यांची मूळ शीट मागवून घेतली. सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देशांच्या रो निवडायच्या राहून गेल्या होत्या. काही वर्षांची माहिती वगळणं आणि देशांना वजन देण्याची पद्धत हे आणखी दोन आक्षेप होते. हे सगळं दुरुस्त केल्यावर त्या गटाची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावरून २.२ टक्के झाली.

एक्सेल धोक्याचं आहे हे सांगायला ही गोष्ट नेहमी वापरतात. मला ती उलटी वाचावीशी वाटते. चूक तीन वर्षं टिकली, कारण लोक छापलेला तक्ता वाचत होते. ती सापडली, कारण एका विद्यार्थ्याच्या हातात फाइल आली आणि त्यानं सेलवर क्लिक केलं. छापलेल्या कागदाला विचारता येत नाही, शीटला येतं.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. माझ्यासारख्यांना पगार मिळतो तो बहुतेकदा कुणाची तरी शीट बंद करून तिच्या जागी ॲप आणण्यासाठी. त्यामागे खरी कारणं असतात. एकाच वेळी दहा माणसांनी काम करणं, मोबाइलवर पैसे भरणं, चुकून ओळ उडणार नाही याची हमी. पण या बदलात फॉर्म्युला सर्व्हरवर जातो आणि सोसायटीच्या सभासदाला उरतो फक्त आकडा. व्याज ३४० रुपये, खाली पैसे भरण्याचं बटण. कुठून आले हे विचारलं तर सेक्रेटरी म्हणतात, सिस्टिमनं काढलेत. त्यांच्या बोलण्यात खोट नसते, त्यांनाही माहीत नसतं. आयुर्विम्याच्या बंद खोलीबाहेर उभा असलेला कारकून आणि हा सभासद यांच्यात या एका बाबतीत मला फार फरक दिसत नाही.

म्हणून रोजच्या कामापुरतं एक्सेल शिकणं ही मला नुसती नोकरीची सोय वाटत नाही. बोस्टनमधली दोन माणसं, लोटस, मग चोरून उतरवलेल्या फ्लॉपी आणि शेजारच्या टेबलावरच्या मॅडम, अशा आडवाटेनं एक हक्क आपल्यापर्यंत आला, आणि आपण अजून तो पुरता वापरलेला नाही. तो वापरायला फार लागतही नाही. बेरीज, टक्केवारी, डॉलरची खूण, एक लुकअप, एक पिव्हट. आणि फॉर्म्युला दाखवा ही सोय, जी चालू केली की साऱ्या शीटमधली उत्तरं बाजूला होऊन कृती दिसू लागते. हातानं टाइप केलेले आकडे त्यात लगेच उघडे पडतात.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेआधी हिशेब येतो, बहुतेक ठिकाणी पीडीएफमध्ये, म्हणजे पुन्हा स्टेटमेंटच. या वर्षी मूळ शीट मागून बघा. बिल ॲपमधून येत असेल, तर निदान व्याज कसं काढलं ते एका ओळीत लिहून मागा.