पडदा लांब होतोय? कात्री उचलण्याआधी हे वाचा

बाजारात रेडिमेड पडदे साधारण तीन लांबींत मिळतात : खिडकीसाठी ५ फूट, दारासाठी ७ फूट आणि उंच दारासाठी ९ फूट. तुमच्या घराची खिडकी किंवा दार मात्र या मापांना विचारून बांधलेलं नसतं. मग ५ फुटी पडदा तोकडा पडतो आणि ७ फुटी पडदा लादी पुसत फिरतो. अशा वेळी बहुतेक जण लांबचा पडदा आणतात आणि जास्तीचं कापड कापून टाकतात.

इथेच थोडं थांबा. भाड्याच्या घराचा करार अनेकदा ११ महिन्यांचा असतो. पुढच्या घरात दार ४ इंचांनी उंच निघालं, तर कापलेला पडदा तिथे चालणार नाही. म्हणून पडदा आखूड करायचा म्हणजे आधी दुमडायचा आणि नाइलाजानेच कापायचा. हे घरच्या घरी कसं करायचं, ते टप्प्याटप्प्याने बघू.

आधी धुवा, मग मोजा

सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ७ फूट म्हणजे ८४ इंच. त्यावर हा हिशेब लावला, तर अडीच ते चार इंचांचा फरक पडतो. नव्या पडद्याला आज बरोबर मापात शिवलंत, तर पहिल्या धुण्यानंतर तो घोट्याच्या वर गेलेल्या पँटसारखा दिसेल. त्यामुळे सुती किंवा लिननचा पडदा एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच मापाला घ्या. पॉलिस्टर फारसं आटत नाही. तरीही घडीच्या चुण्या जाण्यासाठी पडदा एक रात्र रॉडवर टांगून ठेवा. जड कापड स्वतःच्या वजनानेही थोडं खाली उतरतं.

नेमकी लांबी किती हवी?

माप पडदा टांगलेला असतानाच घ्या. रिंगांच्या पडद्याची वरची कड रॉडच्याही वर असते, हुकांच्या पडद्याची कड कधी वर तर कधी खाली असते. नुसत्या रॉडपासून जमिनीपर्यंत टेप लावली, तर हा फरक हिशेबात येत नाही.

• दाराचा पडदा : जमिनीपासून अर्धा ते एक इंच वर. सिनेमातल्या घरांत पडदे जमिनीवर लोळताना छान दिसतात. पण आपल्याकडे रोज केर-लादी होते आणि पावसाळ्यात फरशीला ओल असते. लोळणारी कड महिन्याभरात काळी पडते.
• खिडकीचा पडदा : चौकटीच्या आत असेल तर कट्ट्यापासून अर्धा इंच वर, बाहेर असेल तर कट्ट्याच्या ४ ते ६ इंच खाली.
• स्वयंपाकघर : गॅसच्या शेजारच्या खिडकीला लांब, उडणारा पडदा नकोच.

डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा तीन ठिकाणी टाचणी लावून खूण करा. तिन्ही मापांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला, तर आधी रॉड वाकडा बसलाय का ते बघा. वाकड्या रॉडच्या मापाने पडदा शिवला, तर तो दुसरीकडे कुठेच सरळ दिसणार नाही.

कापायचं की नाही? सोपा हिशेब

पडद्याची खालची कड दोनदा दुमडतात, म्हणजे कापडाची कच्ची कड आत लपते आणि धागे सुटत नाहीत. म्हणून दुमड जेवढी रुंद, त्याच्या दुप्पट कापड लागतं.

समजा पडदा ८४ इंचांचा आहे आणि तुम्हाला ७६ इंच हवेत. जास्तीचं कापड झालं ८ इंच. ते ४ आणि ४ इंच असं दोनदा दुमडलं, की काम झालं. कात्री लागलीच नाही! खालची जुनी शिलाई आधी उसवली, तर आणखी दोन-तीन इंच कापड मोकळं होतं. तेही याच दुमडीत सामावून घ्या. रुंद दुमडीचा आणखी एक फायदा म्हणजे खालच्या वजनाने पडदा सरळ पडतो आणि पंख्याच्या वाऱ्याने कमी उडतो.

दुमड ६ इंचांपेक्षा रुंद होत असेल, किंवा कापड इतकं पातळ असेल की आतला थर प्रकाशात दिसेल, तर मात्र कापावं लागेल. तेव्हा हवी ती लांबी अधिक दुमडीच्या दुप्पट, एवढं कापड ठेवूनच कापा. ७० इंचांच्या पडद्याला ४ इंचांची दुमड हवी असेल, तर ७० अधिक ८, म्हणजे ७८ इंचांवर कात्री चालवा. जोडीतले दोन्ही पडदे वेगवेगळे मोजा. एकाच पाकिटातल्या दोन पडद्यांतही थोडा फरक असू शकतो.

शिवायचं कसं? तीन पर्याय

दुमड घालून इस्त्री फिरवा, टाचण्या लावा आणि पडदा पुन्हा टांगून बघा. लांबी पटली, तरच शिलाईला हात घाला.

१. मशीन : सर्वांत टिकाऊ. साध्या कापडाला १४ नंबरची सुई, पातळ कापडाला ११, जाड कापडाला १६. टाका थोडा लांब ठेवा. बारीक टाक्याने कापड आवळलं जातं आणि पुढे कधी उसवायचं झालं तर जीव जातो.

२. हातशिलाई : मशीन नसेल तर तुरपाई करा. सुईने पडद्याच्या मुख्य कापडाचे एक-दोनच धागे उचला, मग दुमडीच्या कडेतून सुई काढा. पुढून टाका जवळपास दिसत नाही. ४ फूट रुंदीच्या पडद्याला अर्ध्या-अर्ध्या इंचावर साधारण १०० टाके पडतात. दोरा ओढून घट्ट करू नका, कापडाला चुण्या पडतात.

३. चिकटपट्टी : शिलाई साहित्याच्या दुकानात इस्त्रीने चिकटणारी हेमिंग टेप मिळते. ती दुमडीच्या आत ठेवून वरून ओलसर सुती कापड घाला आणि इस्त्री दाबून धरा, घासू नका. किती वेळ दाबायची ते पाकिटावर असतं. जड पडद्यांवर ही टेप काही धुण्यांनंतर सुटू शकते. जाळीच्या पडद्यावर गरम इस्त्रीने कापड वितळण्याची भीती असते, तर ब्लॅकआउट पडद्याचा मागचा थर खराब होऊ शकतो. आधी एखाद्या कोपऱ्यावर करून बघा. ब्लॅकआउट पडद्याला टाचण्याही लावू नका. भोकं बुजत नाहीत आणि त्यांतून उजेड येतो. त्याऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे वापरा.

आणि कापून तोकडा झालाच तर?

खाली वेगळ्या रंगाची पट्टी किंवा जुन्या साडीचा काठ जोडा. काठ आधी धुऊन घ्या, नाहीतर त्याचा रंग पडद्यावर उतरेल. हाच उपाय घर बदलल्यावर दुमड सोडतानाही कामी येतो. उन्हाने बाहेरचं कापड विटतं आणि दुमडीतलं गडद राहतं, त्यामुळे जुनी रेघ दिसू शकते. त्या रेघेवर काठ लावला, की पडदा पुढच्या दारासाठी तयार.