सुभेदारीच्या पुढची पायरी : सातारा सैनिक शाळेची पार्श्वभूमी

१/ सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. तेथे स्मृतिस्तंभ उभा राहिला आणि गावाची ओळख ‘मिलिटरी अपशिंगे’ अशी झाली. मात्र शौर्य गाजवणाऱ्या या गावच्या जवानाला अधिकारीपदाची वाट बंद होती. ही वाट कशी उघडली, त्याचा हा धांडोळा.

२/ शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि शेवटी सुभेदार-मेजर. भारतीय सैनिकाची चढण येथे संपत असे. आयुष्य पलटणीत घालवलेला सुभेदार-मेजरही नुकत्याच रुजू झालेल्या कोवळ्या इंग्रज लेफ्टनंटपेक्षा हुद्द्याने खालचा ठरे.

३/ १९१८ पासून इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला १० जागा राखल्या गेल्या. पण निवडीत घराण्याची प्रतिष्ठा पाहिली जाई आणि विलायतेतील खर्च घरच्यांनाच पेलावा लागे. कोल्हापूर संस्थानातील वडगावचे शंकरराव थोरात १९२६ मध्ये तेथून अधिकारी झाले, पुढे लेफ्टनंट जनरल झाले. अशी उदाहरणे मोजकीच.

४/ १९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत ४० छात्र होते : १५ खुल्या स्पर्धेतून, १५ सैन्यातील जवानांमधून आणि १० संस्थानी फौजांतून. वाट रुंदावली, तरी स्पर्धेतून येणाऱ्या मुलाच्या पालकांना शुल्क भरावे लागे. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या माणदेशी कुटुंबाला ते कोठून परवडणार?

५/ स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला आली. संस्था साताऱ्यापासून काही तासांवर आली, पण प्रवेशाचे अंतर तेवढेच राहिले. लेखी परीक्षा, इंग्रजी आणि अनेक दिवस चालणारी निवड मंडळाची मुलाखत यांची तयारी महागड्या निवासी शाळांतील मुलांची होत असे, खेड्यातल्या मुलांची नव्हे.

६/ यावर उपाय म्हणून संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या काळात सैनिक शाळांची योजना आली. अधिकारीवर्गातील प्रादेशिक आणि वर्गीय असमतोल दूर करणे हा तिचा हेतू होता. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली.

७/ त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचा जन्म १९१३ मध्ये देवराष्ट्रे येथे झाला. तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेले हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. लहानपणी वडील गमावलेल्या या मुलाने कऱ्हाडला हलाखीत शिक्षण घेतले. वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपर्यंत असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी देणारे सरकार त्यांचेच. नोव्हेंबर १९६२ मध्ये मेनन यांच्या जागी संरक्षणमंत्री म्हणून तेच दिल्लीला गेले.

८/ सैनिक शाळेची फी कमी नव्हती, म्हणून योजनेचा प्राण शिष्यवृत्तीत होता. अर्ज, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी हे टप्पे पार केल्यावर पालकांचे उत्पन्न पाहून राज्य सरकार खर्चाचा वाटा उचलत असे. त्यामुळे तलाठ्याकडून मिळणारा उत्पन्नाचा दाखला हाही अधिकारीपदाच्या वाटेवरचा महत्त्वाचा कागद ठरला.

९/ शाळा न मिळालेल्यांसाठी आणखी एक दार उघडले. १९७७ मध्ये राज्य शासनाने औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था स्थापन केली. दहावीनंतर निवड झालेली मुले तेथे राहून अकरावी-बारावीबरोबर प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करतात.

१०/ फळ काय मिळाले? सातारा सैनिक शाळेचे माजी विद्यार्थी प्रदीप नाईक २००९ मध्ये वायुदलप्रमुख झाले. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे संतोष महाडिक याच शाळेतून पुढे कर्नल झाले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या प्रबोधिनीतून लेफ्टनंट झाल्या.

११/ २०२१ पासून सैनिक शाळा आणि २०२२ पासून खडकवासल्याची प्रबोधिनी मुलींनाही खुली झाली. शौर्य या मातीत आधीपासून होते. शंभर वर्षांत बदलली ती प्रवेशाची अट : आधी घराणे, मग पैसा, आता परीक्षा. मात्र परीक्षेची तयारी आजही सर्वांना सारखी मिळत नाही. म्हणून शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख खेड्यातल्या शाळेपर्यंत वेळेत पोहोचणे ही साधी गोष्ट आजही तितकीच मोलाची आहे.