बोटीच्या पंख्याचा इतिहास

१८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने बोटीच्या मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. १८३७ मध्ये लंडनच्या कालव्यात चाचणी चालू असताना त्याच्या दोन वेढ्यांच्या लाकडी मळसूत्राचा अर्धा भाग तुटला आणि बोट मंदावण्याऐवजी आणखी जोरात पळाली. त्यावरून पुढचे पंखे आखूड झाले. १९०९ मध्ये ओले एव्हिनरूडने मागे टांगायचे इंजिन विक्रीस आणले आणि हाच पंखा छोट्या होड्यांना मिळाला.

पंखा निवडताना व्यास आणि पिच पाहतात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर. ते १ इंचाने वाढले, तर इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे २०० ने घटतात. ओझे जास्त असेल तर कमी पिच बरा.

धरणा-तलावांत उन्हाळ्यात पाणी उतरले की पात्यांना दगड लागतो. पूर्वी अशा धक्क्याने पिन तुटून गिअर वाचत असे; नंतर तेच काम पंख्यातील रबरी बुश करू लागला. पाते वाकले की स्प्लिट पिन व नट काढून, दांड्याला ग्रीस लावून नवा पंखा बसवतात. स्प्लिट पिन मात्र दर वेळी नवी घालतात.