संगमरवराआधीची माती

ॲमस्टरडॅमच्या राजवाड्यातला संगमरवर पाहून पर्यटक थक्क होतात. मी मूर्तिकाम शिकवतो. माझं मन रमतं ते तिथल्या राइक्सम्युझियममधल्या भाजलेल्या मातीत. राजवाड्यावरच्या शिल्पांची ही मूळ मॉडेलं.

राजवाडा मुळात नगरभवन. याकोब फान कांपेनच्या आराखड्यानुसार १६४८ साली काम सुरू झालं. जमीन भुसभुशीत, म्हणून आधी १३,६५९ लाकडी खांब ठोकले. शिल्पांसाठी अँटवर्पचा आर्टुस क्वेलिनस आला. रोममध्ये काम करून हात तयार झालेला माणूस. नेदरलँड्सच्या सखल मुलखात संगमरवर निघत नाही. तो जहाजाने आणायचा. महागाच्या दगडात छिन्नी चुकली की चुकलीच. मातीत नाक बसकं झालं तर चिमूटभर माती लावून सावरता येतं. म्हणून घडण आधी मातीत ठरायची, दगड नंतर.

या घडवण्याला डच लोक 'बूत्सेरेन' म्हणतात. 'क्लाइ' म्हणजे चिकणमाती, तिच्यावरून आलेलं 'क्लाइयन' हे पोरांचं मातीत खेळणं. बूत्सेरेनचं नातं उंचवट्याच्या 'बॉस' या फ्रेंच शब्दाशी जोडतात. उठावशिल्प करणाऱ्याला ते पटावं. फळीवर मातीचा थर द्यायचा आणि जिथे उजेड अडायला हवा तिथे अंगठ्याने माती चढवत न्यायची.

खरी परीक्षा भट्टीची. सुकताना माती आक्रसते, जाड गोळा भाजताना तडकतो. म्हणून मागून पोखरून जाडी सारखी ठेवावी लागते.

इमारतीच्या मागच्या बाजूच्या त्रिकोणी शिरोभागावर क्वेलिनसने शहराचीच देवी बसवली. पायाशी आय आणि आम्स्टेल यांचे जलदेव, दोन्हीकडून चार खंड आपापला माल घेऊन आलेले, आशियाबरोबर उंट. व्यापाऱ्यांच्या गावाला आपली ऐट अशी दाखवायची होती. मात्र दिवाळखोरीची प्रकरणं चालत त्या दालनाच्या दारावर ग्रीक पुराणकथेतला, फार उंच उडून कोसळणारा इकॅरस आहे. सोबत रिकाम्या पेट्या आणि उंदीर.

रोंबाउट फरहुल्स्टसारखे कसबी मदतनीस हाताशी होते. एवढा दगड एकट्याने कोरणं अशक्यच. १६६५ च्या सुमारास क्वेलिनस अँटवर्पला परतला. १८०८ मध्ये हॉलंडचा राजा लुई नेपोलियन याने नगरभवनाचा राजवाडा केला.

रस्त्यावरून तो शिरोभाग मान मोडून पाहावा लागतो. मॉडेलमध्ये तीच मंडळी डोळ्यांसमोर येतात, आणि कोण पुढे, कोण मागे ही सगळी जुळणी उलगडते. तिकडे निघालेल्या विद्यार्थ्यांना म्हणूनच मी सांगतो: आधी संग्रहालय, मग राजवाडा.