वाचकाने सांगितलेली भाषा

बहुभाषिक वाचक हा आपल्याकडे अपवाद नव्हे. साहित्याचा विद्यार्थी कविता मराठीत वाचतो, समीक्षा बऱ्याचदा इंग्रजीत, कादंबऱ्या कधी हिंदीत. सीमाभागातला असेल तर कन्नडही वाचतो. या भाषांत त्याच्या पसंतीची एक उतरंड असते आणि ती त्याच्या राहत्या गावावरून ठरत नाही. आंतरजाल घडत असताना अशा वाचकाचा विचार झाला होता काय? झाला होता, आणि पुष्कळ नेमकेपणाने झाला होता. तो पुढे मागे कसा पडला, याचा शोध घेणे उद्बोधक ठरेल.

ब्राउझर, म्हणजे आपला न्याहाळक, एखादे पान मागतो तेव्हा मागणीसोबत 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' नावाची एक ओळ सर्व्हरकडे पाठवतो. वाचकाला कोणत्या भाषा चालतील आणि कोणत्या क्रमाने, हे तीत नोंदलेले असते. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आरएफसी २०६८' या दस्तऐवजात तिचे नियम आहेत. जून १९९९ च्या 'आरएफसी २६१६' मध्येही ते आढळतात. प्रत्येक भाषेला ० ते १ यांच्या दरम्यान वजन देता येते. दस्तऐवजातल्या उदाहरणातील वाचक डॅनिश भाषेला पहिली पसंती देतो. ब्रिटिश इंग्रजीला ०.८ आणि अन्य कोणत्याही इंग्रजीला ०.७. आपला विद्यार्थी याच रीतीने मराठीला १, हिंदीला ०.८ आणि इंग्रजीला ०.५ असे सांगू शकतो.

याच नियमांना जोडलेली एक टीप विशेष लक्षणीय आहे. भाषा समजणे हे व्यक्तीपरत्वे बदलते, म्हणून निवड वापरकर्त्याच्या हाती असावी, अशी शिफारस तीत आहे. ती त्याच्या हाती देणार नसाल तर ही ओळ मुळी पाठवूच नये, असेही बजावले आहे. जून २०२२ च्या 'आरएफसी ९११०' मध्येही ही अट टिकून आहे. वाचकाच्या भाषेविषयी बोलण्याचा अधिकार वाचकाचा, हे तत्त्व यात स्पष्टपणे मान्य केलेले दिसते.

या व्यवस्थेमागची संहितेची कल्पनाही साहित्याच्या अभ्यासकाने पाहण्याजोगी आहे. एका पत्त्यावर एक 'संसाधन' असते आणि त्याची अनेक 'रूपे' असू शकतात. मराठी पान आणि इंग्रजी पान ही एकाच संसाधनाची दोन रूपे. मूळ कोणते आणि अनुवाद कोणता, हा प्रश्न पत्ता विचारतच नाही. 'अपाचे' या सर्व्हरमध्ये एकाच पानाच्या निरनिराळ्या भाषांतील प्रती शेजारी शेजारी ठेवून वाचकाच्या यादीप्रमाणे योग्य ती प्रत पाठवण्याची सोय होती, आजही आहे. 'डेबियन' या मुक्त संगणकप्रणालीचे संकेतस्थळ याच पद्धतीने चालते.

अर्थात भाषा मागायची तर तिला नोंदीत नाव हवे. मार्च १९९५ च्या 'आरएफसी १७६६' मध्ये भाषांसाठी मुख्यतः दोन अक्षरी संकेत होते. मराठीला 'एमआर' हा संकेत मिळालेला होता. कोकणीला दोन अक्षरी संकेत नव्हता. तीन अक्षरी संकेतांना जानेवारी २००१ च्या 'आरएफसी ३०६६' ने वाट दिली, तेव्हा कोकणी या यादीत सुलभपणे येऊ शकली. सप्टेंबर २००६ च्या 'आरएफसी ४६४६' पासून भाषेसोबत लिपीही ठरलेल्या पद्धतीने सांगता येऊ लागली. देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांत जिचे साहित्य आहे, त्या गोव्याच्या कोकणीला या तपशिलाचे महत्त्व किती, हे वेगळे सांगायला नको.

मग हे सारे मागे का पडले? पहिले कारण असे की, ओळ पाठवली गेली, पण ती पुष्कळदा वाचकाने लिहिलेलीच नव्हती. न्याहाळकाची इंग्रजी आवृत्ती बसवली की यादीत इंग्रजी आपोआप येते, आणि भाषानिवडीचे पान सेटिंगच्या आत खोल दडलेले असते. मराठी घरातला वाचक अशा रीतीने स्वतःच्या नकळत इंग्रजी मागत राहिला. दुसरे कारण शोधयंत्रांचे. गूगलचा संचारक पाने गोळा करताना सहसा ही ओळ पाठवत नाही. त्यामुळे एका पत्त्यावर अनेक भाषा ठेवल्यास इतर रूपे त्याला दिसत नाहीत. परिणामी प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता देण्याची रीत रूढ झाली, आणि २०११ पासून गूगलने अशा पत्त्यांची परस्पर ओळख पटवण्यासाठी 'एचरेफलँग' ही खूण स्वीकारली. विकिपीडियाने तर आरंभापासूनच भाषेगणिक वेगळा पत्ता ठेवला आहे.

तिसरे कारण मला अधिक गंभीर वाटते. जोडणीच्या क्रमांकावरून वाचकाचे ठिकाण अजमावता येऊ लागल्यावर अनेक संकेतस्थळांनी ठिकाणावरूनच भाषा ठरवण्यास प्रारंभ केला. प्रदेश म्हणजे भाषा, हे गृहीतक युरोपातच बेल्जियममध्ये किंवा स्वित्झर्लंडमध्ये कोसळते. बेळगावच्या मराठी वाचकापुढे किंवा मुंबईच्या गुजराती वाचकापुढे ते कसे टिकावे? वाचक सांगत असतो, आणि संकेतस्थळ ते न ऐकता अंदाज बांधते.

या ओळीची एक दुखरी बाजूही आहे. भाषांची दुर्मीळ यादी वाचकाची ओळख उघड करू शकते, हा इशारा १९९९ च्या दस्तऐवजातच होता. या धोक्यामुळे काही न्याहाळक आता यादीतील पहिलीच भाषा कळवतात. खासगीपणाच्या दृष्टीने हे योग्य आहे. परंतु यात वाचकाची दुसरी आणि तिसरी भाषा गळून पडते, म्हणजे त्याचे बहुभाषिकत्वच गळून पडते.

न्याहाळकाच्या सेटिंगमध्ये मराठीला पहिले स्थान देणे आजही शक्य आहे. तेवढ्याने मराठी पाने निर्माण होणार नाहीत, हे उघड आहे. पण जिथे ती आहेत, तिथे मागणी झालीच नाही असे कुणाला म्हणता येऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. आणि जी विद्यापीठे, ग्रंथालये, नियतकालिके स्वतःची संकेतस्थळे मराठीत आणि इंग्रजीत चालवतात, त्यांनी ही ओळ वाचावी, तिचा मान ठेवावा, आणि भाषा बदलण्याचा दुवा प्रत्येक पानावर दिसेल असा ठेवावा.