बेडकाच्या कातडीची नोंद

गुहागरात मृगाचा पाऊस लागला की पोफळीच्या आगरांतून रात्रभर बेडकांचा ओरडा चालतो. या प्राण्यांच्या आजारांचा इतिहास शोधायला बसलो, तेव्हा पहिली उघडली ती माझीच जुनी टिपणवही. कुंभार्ली घाटातल्या एका पऱ्यापाशी मी लिहिले होते : ‘ओल्या कातळावर बेडूक. अंग तपकिरी, कातडी सुटलेली. कात टाकतो आहे.’ बेडूक कात टाकतातच, म्हणून पुढे विचार केला नव्हता.

शंका आली ती २०१३ साली ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या एका शोधनिबंधामुळे. नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उत्तर सह्याद्रीतल्या तीन प्रदेशनिष्ठ बेडकांवर कायट्रिड बुरशी सापडली होती. त्यांपैकी दोन जातींवर बाहेरून काहीच दिसत नव्हते. तिसऱ्या, रातबेडकाच्या अंगावर मात्र व्रण होते, कातडी तपकिरी होऊन सुटत होती.

बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणी आणि क्षारही तिच्यातूनच आत-बाहेर जातात. ही बुरशी नेमकी तिथेच घर करते. संसर्ग वाढला की रक्तातले क्षार घटतात आणि शेवटी हृदय थांबते. बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे पऱ्या हीच तिची वाट.

या तिन्ही बेडकांची नावे जुनी आहेत. बुलांजेने १८८८ साली एकाला लीथचे नाव दिले, ॲनंडेलने १९१९ साली दुसऱ्याला मुंबईचे. रातबेडकाला १९५५ साली हुमायून अब्दुलालींचे नाव मिळाले. पुढे याच अब्दुलालींनी बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध लिहिले. ती निर्यात १९८७ साली बंद झाली. म्हणजे बेडकाचे नाव आणि मोल आपल्या कागदांत आले, त्याचे दुखणे नाही. जगालाही ही बुरशी उमगली १९९८ साली, ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या मेलेल्या बेडकांवरून. तिचे नामकरण पुढच्या वर्षी झाले. जगभरात सुमारे ९० जाती तिच्यामुळे नामशेष झाल्याचा अंदाज २०१९ साली मांडला गेला.

सह्याद्रीतला वाण मात्र आशियातल्याच वाणांशी नाते सांगणारा निघाला. म्हणजे तो कालपरवा बाहेरून आलेला नसावा, बेडकांशी त्याची ओळख जुनी असावी. पण जुनी ओळख म्हणजे निर्धास्तपणा नव्हे. त्या रातबेडकाची कातडी तेच सांगते.

ही ओळख किती जुनी, हे ठरवायला जुना पुरावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत १९३८ साली संग्रहालयात ठेवलेल्या एका बेडकाच्या कातडीत ही बुरशी सापडली, कारण कुणीतरी तो बेडूक तारीख घालून जपला होता. माझ्या वहीतल्या ओळीला तसा आधार नाही. नमुना नाही, छायाचित्र नाही, आणि निष्कर्ष मात्र लिहून मोकळा झालो होतो. तो बेडूक कात टाकत होता की आजारी होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तेव्हापासून वहीत दिसते तेवढेच लिहितो. स्थळ, तारीख, कातडीचा रंग. छायाचित्र काढतो, बेडकाला हात लावत नाही. आणि एका पऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याआधी बूट धुऊन उन्हात कडकडीत वाळवतो, कारण ओल्या बुटाबरोबर ही बुरशी प्रवास करते आणि सुकल्यावर मरते.